मैत्रिणीच्या लग्नासाठी उसने दागिने: मागण्यापासून परत करण्यापर्यंत

लग्न ठरले की नवरीच्या दागिन्यांची चर्चा ठुशी शोभेल की चिंचपेटी, एवढ्यावर सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. दागिने घरचे आणि नवरीचे स्वतःचे असतील तर त्यात फारसे बिघडत नाही. ते आजीचे, मावशीचे, आत्याचे किंवा मैत्रिणीचे असतील, तर मात्र दागिना कोणी आणायचा, कोणत्या स्थितीत आणायचा, कार्यालयात तो कोणाच्या ताब्यात राहील आणि कोणत्या दिवशी परत जाईल, हे आधी ठरवावे लागते. कोणता दागिना शोभतो हा प्रश्न त्यानंतरचा. हा क्रम उलटा झाला की मोत्याचा सर तुटतो, कुडीची फिरकी हरवते आणि दोन घरांत वर्षानुवर्षे अबोला राहतो. पुढील मार्गदर्शन जिच्यावर मैत्रिणीने दागिन्यांची जबाबदारी सोपवली आहे तिच्यासाठी आहे. विधींची नावे आणि दागिने महाराष्ट्रातील लग्नातले आहेत. घराण्याप्रमाणे त्यांत थोडा फरक पडेल.

टप्पा १: आधी विधी आणि वस्त्रे लिहून काढा

लग्नाच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी नवरीबरोबर बसून एका कागदावर प्रत्येक प्रसंग आणि त्या वेळची साडी लिहावी: हळद, सीमांतपूजन, गौरीहर, मंगलाष्टके ते सप्तपदी, स्वागत समारंभ, गृहप्रवेश. प्रत्येक साडीपुढे ब्लाउजच्या गळ्याचा आकार आणि केशरचना लिहावी. बंद गळ्याच्या ब्लाउजवर चिंचपेटी काठाला घासते. वज्रटीक तर कापडी पट्टीवर बसवलेली असते, त्यामुळे तिला उघडी मान लागते. खोलगट गळ्यावर एकटी ठुशी घातली, तर खाली मोठी मोकळी जागा उरते आणि ती भरून काढण्यासाठी ऐनवेळी हार जमवण्याची धावपळ होते.

या कागदावर दोन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या असतात. पहिली जागा मंगळसूत्राची. ते विधीच्या मध्यात, आधीच्या सगळ्या हारांवरून गळ्यात येते आणि त्याचा आकडा मानेमागे अंबाड्याखाली लावावा लागतो. तिथे आधीच चार दोरे आणि तीन हूक असतील तर नवरदेवाचा हात गोंधळतो. दुसरी जागा फुलांच्या हाराची. निशिगंधाचे ओले, जड हार मोत्यांच्या सरांवर दाबून बसतात आणि त्यांतील तारेची टोके सरांत अडकतात. म्हणून मंगलाष्टकांच्या वेळी गळ्यात एक आखूड आणि एक लांब, असे दोनच दागिने असावेत, असे माझे मत आहे. पुतळीहार, लक्ष्मीहार आणि मोहनमाळ हे सगळे एकदम घालण्याचा मोह स्वागत समारंभासाठी राखून ठेवावा.

हळदीला उसना दागिना अजिबात घालू नये. हळदीचे तेल मोत्यांच्या दोऱ्यात मुरते आणि तो पिवळेपणा पुढे निघत नाही. त्या दिवशी फुलांचे दागिने पुरतात.

टप्पा २: अर्थपूर्ण दागिना एकच निवडा

प्रत्येक दागिन्यामागे आठवण असावी असा आग्रह धरला की कोणतीच आठवण लक्षात राहत नाही. नवरीला एकच प्रश्न विचारावा: त्या दिवशी कोणाची वस्तू अंगावर असावी असे तुला वाटते? उत्तरात माणसाचे नाव येते, दागिन्याचे नाही. त्या माणसाकडे काय आहे हे नंतर पाहावे.

ती वस्तू मोठी किंवा अखंड असण्याची गरज नसते. तुटलेल्या पुतळीहारातली एकच पुतळी उरली असेल, तर ती रेशमी गोफात ओवून गळ्यात घालता येते. जोडीतली एकच कुडी शिल्लक असेल, तर ती अंबाड्यात फुलांच्या मध्ये बसवता येते. आजीची नथ नवरीच्या नाकाला पेलत नसेल, तर ती गौरीहराच्या पूजेपुरती घालावी आणि पुढे हलकी नथ वापरावी. मात्र यासाठी डाग देणे (धातू वितळवून सांधणे), कडी कापणे, छिद्र पाडणे असे काहीही करायचे झाल्यास मालकिणीची स्पष्ट परवानगी हवी. केवळ ओवणे किंवा टाचणे पुरेसे असेल, तर तेवढ्यावरच थांबावे.

काही वस्तू उसन्या आणायच्या नसतात. मंगळसूत्र, जोडवी आणि हिरवा चुडा हे नवरीचे स्वतःचे आणि नवे असावेत, अशी बहुतेक घरांची रीत आहे. अनेक कुटुंबांत मंगळसूत्राची एक वाटी माहेरची आणि एक सासरची असते, तेव्हा तिथे तिसऱ्या घरचे सोने आणण्याचा प्रश्नच येत नाही.

एक नाजूक बाबही इथेच मोकळेपणाने बोलून घ्यावी. वैधव्य आलेल्या आजीचा किंवा मावशीचा दागिना लग्नात घालू नये, असे मानणारी घरे अजूनही आहेत. मला हा संकेत पटत नाही. जिने मुलीला लहानाचे मोठे केले तिचीच बोरमाळ बाजूला ठेवण्याला काही अर्थ नाही. तरीही निर्णय नवरीचा आहे, आणि तो दागिना मागण्याच्या आधी व्हायला हवा. आनंदाने काढून दिलेला दागिना कोणाच्या तरी कुजबुजीमुळे न घालता परत गेला, तर त्या बाईला होणारे दुःख कोणत्याही खुलाशाने भरून येत नाही.

टप्पा ३: मागणी प्रत्यक्ष आणि नेमक्या शब्दांत करा

दागिना फोनवरील निरोपातून किंवा तिसऱ्या व्यक्तीमार्फत मागू नये. नवरी आणि तिची आई यांनी घरी जाऊन विचारावे. मैत्रीण सोबत असली तरी शब्द त्यांचाच असावा. मागताना चार गोष्टी सांगाव्यात: कोणता दागिना, कोणत्या विधीला, किती दिवसांसाठी आणि तो कोणाकडे राहील. ‘तुमच्याकडचे काहीतरी द्या’ असे म्हटले की समोरची व्यक्ती भिडेखातर सर्वांत जड दागिना काढून देते आणि तिचा जीव लग्नभर टांगणीला लागतो.

नकाराची वाट मोकळी ठेवणे ही मागणाऱ्याची जबाबदारी आहे. ‘तन्मणी लॉकरमध्ये आहे, बघते’ हे उत्तर दोनदा आले तर ते नकार म्हणूनच घ्यावे आणि पुन्हा विचारू नये.

सासरकडून एखादा दागिना घालण्यासाठी आला, तर तो भेट आहे की केवळ त्या दिवसापुरता आहे, हे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी त्याच वेळी बोलून घ्यावे. मुलीला लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करून ठेवावी असे हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील १९८५ चे नियम सांगतात. त्या यादीत उसना दागिना चुकूनही लिहिला जाऊ नये. छायाचित्रात दिसणारे सगळे सोने मुलीला माहेरून मिळाले, असा समज नंतर निस्तरणे फार अवघड जाते.

> तपासणी: या टप्प्याअखेरीस प्रत्येक दागिन्यापुढे मालकिणीचे नाव, आणण्याचा दिवस आणि परत करण्याचा दिवस लिहिलेला असावा. परतीचा दिवस रिकामा असेल तर तो दागिना यादीतून काढावा.

टप्पा ४: पंधरा दिवस आधी घालून पाहा

हा टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो आणि लग्नाच्या सकाळचा बहुतेक गोंधळ त्यातून उद्भवतो. दागिना मालकिणीच्या घरी जाऊन, तिच्यासमोर घालून पाहावा. तो घरी आणण्याची ही वेळ नव्हे.

*नथ.* नवरीचे नाक टोचलेले नसेल तर चापाचीच नथ लागेल. चाप किती घट्ट आहे हे दोन मिनिटांत कळत नाही. अर्धा तास नथ घालून बोलावे, पाणी प्यावे, हसावे. नाक टोचलेले असले तरी जुन्या नथीची तार अलीकडच्या बारीक छिद्रातून जाईलच असे नाही. ती जोराने घालू नये. छिद्रही मोठे करू नये. नाक किंवा कान नुकताच टोचला असेल आणि जखम भरली नसेल, तर दुसऱ्याचा दागिना त्यात घालू नये.

*हातातले.* पाटल्या आणि गोठ उघडत नाहीत, त्यामुळे माप जुळले नाही तर काहीही करता येत नाही. बांगडीचे माप ‘दोन-चार’, ‘दोन-सहा’ असे सांगतात. त्यातला दुसरा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा असतो. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच व्यास, २.४ इंच नव्हे. संगणकावर माप पाहून मागवणाऱ्यांची इथे हमखास चूक होते. हिरवा चुडा भरल्यावर मनगटावर किती जागा उरते हेही मोजावे, कारण जड तोडे काचेवर आपटून चुडा तडकतो, आणि लग्नात बांगडी वाढवणे कोणालाच आवडत नाही. पेचाचे तोडे असतील तर पेच स्वतः उघडून आणि लावून पाहावा.

*कानातले.* कुड्या, झुबे आणि वेल यांचा एकत्रित भार पाळीवर किती येतो ते पाहावे. वेलाचे टोक केसांत नीट अडकले तर बराचसा भार कमी होतो. फिरक्या सैल असतील, तर त्याच मापाच्या दोन जादा फिरक्या सोनाराकडून घेऊन ठेवाव्यात. लग्नघरात सर्वांत जास्त हरवणारी वस्तू फिरकी हीच असते आणि फिरकीपाठोपाठ कुडी जाते.

*गळ्यातले.* दोरा बोटांनी हलकेच ताणून पाहावा. मोत्यांच्या मधला दोरा काळा किंवा विरविरीत दिसत असेल, तर तो दागिना पुन्हा गाठवल्याशिवाय घालू नये. गाठवण्याचे काम पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने ओवणाऱ्या कारागिराकडून, मालकिणीच्या संमतीने आणि शक्यतो तिच्या समोरच करून घ्यावे. खर्च नवरीकडच्यांनी द्यावा. डोक्यावरून घालायची, आकडा नसलेली माळ कोणती आहे, तेही इथेच टिपून घ्यावे. टप्पा ७ मध्ये त्याचा उपयोग आहे.

टप्पा ५: स्वच्छता, पण परवानगीपुरतीच

जुना दागिना मळकट दिसतो म्हणून परस्पर सोनाराकडे उजाळा देण्यासाठी नेऊ नये. आम्लाच्या उजाळ्यात थोडे का होईना सोने जाते, नक्षी बोथट होते आणि शंभर वर्षांच्या दागिन्याची छटा बदलते. कित्येक मालकिणींना तोच जुना रंग प्रिय असतो.

निव्वळ सोन्याचा भरीव दागिना रिठ्याच्या कोमट पाण्यात, मऊ ब्रशने, हलक्या हाताने धुता येतो. पुढील दागिन्यांना मात्र पाण्यात बुडवू नये:

- मोत्यांचे दागिने. मोती कॅल्शियम कार्बोनेटचा असतो; साबण, अत्तर, लिंबू आणि घाम यांनी त्याचे पाणी उतरते. किंचित ओलसर मऊ कापडाने पुसून सावलीत वाळवावा.
- आत लाख भरलेले मणी आणि पाने. बोरमाळ आणि कोल्हापुरी साज यांत हे विशेष पाहावे. गरम पाण्याने लाख मऊ होते आणि पातळ पत्रा चेपतो.
- कापडावर बसवलेली वज्रटीक आणि मागे पत्रा लावलेली कुंदनाची कामे.

कान आणि नाक यांत जाणारी सोन्याची दांडी औषधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी. तो बोळा शेजारच्या मोत्याला लागू देऊ नये.

टप्पा ६: नोंद करून ताब्यात घेणे

इथे संकोच आड येतो. ‘आपल्याच माणसांत कसले लिहून घ्यायचे’ असे दोन्ही बाजूंना वाटते. म्हणून नोंदीचा आग्रह घेणाऱ्याने धरावा. देणाऱ्याने धरला तर तो अविश्वास वाटतो.

१. दागिना मालकिणीसमोर ग्रॅममध्ये तोलावा. घरातील जुन्या पावतीवर तोळ्यात वजन असेल तर गोंधळ होऊ शकतो, कारण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता आणि आज बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. मोती, खडे, दोरा आणि लाखेसह जे वजन भरेल ते ‘एकूण वजन’ म्हणून लिहावे. ते सोन्याचे वजन नसते.

२. पुढून, मागून आणि आकड्याजवळून अशी तीन छायाचित्रे काढावीत. मोत्यांची, पुतळ्यांची किंवा पानांची संख्या मोजून लिहावी. आधीची चीर, चेपलेला मणी, निखळलेला खडा यांची नोंद वेगळी करावी.

३. नव्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा हॉलमार्क क्रमांक असेल तर तोही टिपावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क बंधनकारक असलेल्या भागांत या क्रमांकाशिवाय दागिने विकता येत नाहीत. जुन्या दागिन्यांवर तो नसेल, आणि त्यावरून सोने कमी प्रतीचे आहे असा अर्थ काढू नये.

४. नोंदीच्या दोन प्रती कराव्यात, दोघींच्या सह्या घ्याव्यात. छायाचित्रे फक्त मालकीण आणि नवरीची आई यांच्याकडे ठेवावीत. पन्नास जणांच्या कौटुंबिक गटात ती टाकणे म्हणजे कोणत्या घरात कधी किती सोने असेल हे जाहीर करणे होय.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असतील तर दिनदर्शिका उघडून बसावे. दुसरा आणि चौथा शनिवार, तसेच प्रत्येक रविवार बँका बंद असतात. रविवारचा मुहूर्त आणि आदला शनिवार दुसरा असेल, तर शुक्रवारी दागिने बाहेर काढावे लागतात आणि सोमवारपर्यंत ते घरात राहतात. सोमवारी सण आला तर मुक्काम आणखी वाढतो. लॉकर ज्यांच्या नावावर आहे त्यांना किंवा त्यांनी रीतसर अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच जावे लागते, त्यामुळे आजीच्या तब्येतीचा विचार करूनच दिवस ठरवावा. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक अशा प्रसंगी बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तसे आहे. दागिना लॉकरबाहेर पडताच हे संरक्षण संपते. मालकिणीने विमा घेतला असेल, तर दुसऱ्या व्यक्तीच्या अंगावर आणि घराबाहेर असतानाही तो लागू होतो का, हे तिने कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

> सावधान: खरे सोने आणि एक ग्रॅम सोन्याचे दागिने एकाच डब्यात ठेवू नयेत. घाईत डबे बदलतात, आणि बनावट ठुशी परत जाऊन खरी मेकअपच्या पेटीत राहते.

टप्पा ७: लग्नाच्या दिवशीचा क्रम

प्रत्येक मालकिणीसाठी वेगळी मऊ कापडी पिशवी आणि तिच्यात नोंदीची प्रत ठेवावी. सर्व पिशव्या एका बंद पेटीत आणि पेटी एकाच व्यक्तीकडे असावी. ही व्यक्ती नवरीची आई नसावी, कारण तिला त्या दिवशी दहा जण दहा दिशांना बोलावतात. करवलीही नसावी. जी जेवणाच्या पंगतीत उशिरा बसायला तयार आहे अशी मैत्रीण किंवा काकू निवडावी. वधूपक्षाच्या खोलीला आपले स्वतःचे कुलूप न्यावे. कार्यालयाच्या कुलपाच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत हे आपल्याला कळत नाही. गावाबाहेरचे लग्न असेल आणि प्रवास विमानाने असेल, तर पेटी हातातल्या सामानातच ठेवावी.

चढवण्याचा क्रम असा ठेवावा:

१. साडी नेसून झाल्यावर, पण अंबाडा किंवा खोपा घालण्यापूर्वी, डोक्यावरून जाणाऱ्या सोन्याच्या माळा घालाव्यात आणि त्यांवर स्वच्छ पंचा पांघरावा. केस झाल्यावर या माळा घालायला गेल्यास एक तर गजरा उतरतो, नाही तर माळ तुटते.

२. केशरचना, मेकअप आणि अत्तर पूर्ण करून ते वाळू द्यावे.

३. पाटल्या, तोडे, वाकी.

४. कानातले, आणि वेल केसांत नीट अडकवणे.

५. ठुशी, चिंचपेटी, तन्मणी असे मागे दोरा किंवा हूक असलेले दागिने. मोती नेहमी सर्वांत शेवटी चढतात आणि सर्वांत आधी उतरतात.

६. मुंडावळ्या. त्यांचे सर वेलात किंवा झुब्यात गुंतत नाहीत ना, हे मान दोन्हीकडे वळवून पाहावे.

७. नथ.

लाजाहोमापूर्वी एकदा थांबून पाहणे आवश्यक आहे. नवरी होमाकडे वाकते तेव्हा लांब हार पुढे झुलतो. तो पदराखाली घ्यावा किंवा पिनेने पदरालाच अडकवावा. पिन कधीही मोत्यांच्या दोऱ्यातून घालू नये.

साडी बदलताना सगळे दागिने पलंगावर काढून ठेवण्याची सवय धोक्याची आहे. एक दागिना उतरला की तो त्याच्या पिशवीत जावा, मगच दुसरा उतरवावा. अंबाडा सोडताना खाली पांढरी चादर अंथरावी, कारण अक्षतांबरोबर फुले, नग आणि एखादी फिरकी हमखास खाली पडते. ती चादर खोलीबाहेर नेऊन झटकण्यापूर्वी दोघींनी पाहावी.

> तपासणी: कार्यालय सोडण्यापूर्वी पिशव्या उघडून नोंदीप्रमाणे नग मोजावेत. नवरी सासरी निघताना जे उसने दागिने अंगावर ठेवणार आहे, त्यांची नावे पाठराखिणीला तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावीत. शक्य असेल तर निघण्यापूर्वीच ते उतरवून घ्यावेत. गृहप्रवेशाला स्वतःचे दागिने पुरतात.

टप्पा ८: परत करणे

ठरलेल्या दिवशीच परत करावे. सत्यनारायणाची पूजा, पाहुणे, फिरायला जाणे ही कारणे खरी असली तरी दागिना देणाऱ्या घरात त्या दिवसांत कोणी नीट झोपलेले नसते. परत देण्याआधी मोती कोरड्या मऊ कापडाने पुसावेत, नथीच्या तारेवरील मेकअप काढावा, आणि दागिना ज्या डबीत आला त्याच डबीत ठेवावा.

मालकिणीच्या घरी पुन्हा वजन करावे, नग मोजावेत आणि तिच्या देखत नोंदीवर ‘मिळाले’ अशी सही घ्यावी. वजनात काही मिलिग्रॅमचा फरक वेगळ्या काट्यामुळे येऊ शकतो, म्हणून शक्य तर तोच काटा वापरावा. दागिन्याबरोबर खण-नारळ, लाडूचा डबा आणि तो दागिना घातलेल्या नवरीचे छापील छायाचित्र द्यावे. भाडे किंवा पाकीट देऊ नये. त्याने उपकाराचा व्यवहार होतो.

काही तुटले किंवा हरवले असेल, तर परतीच्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री मालकिणीला कळवावे. परस्पर दुरुस्त करून गुपचूप डबीत ठेवणे ही सर्वांत वाईट वाट आहे, कारण नवा डाग किंवा नवा मोती जुन्या दागिन्यात लगेच ओळखू येतो. दुरुस्ती कोणत्या सोनाराकडे करायची हे मालकिणीने ठरवावे आणि बिल नवरीकडच्यांनी भरावे. हरवलेल्या नगाची किंमत त्या दिवसाच्या सोन्याच्या भावाने आणि घडणावळीसह धरावी. ती रक्कम घ्यायची की तसाच नग घडवून घ्यायचा, हेही तिलाच विचारावे.